पोचेपर्यंतचा केर

रोह्याहून टोरांटो किती लांब, असं मालतीबाई टिपणीसांना विचारलंत तर त्या किलोमीटरच्या भानगडीत पडायच्या नाहीत. "दोन दिवसांचा केर," असं सांगून मोकळ्या होतील. पुणं म्हणजे एका वेळचा केर. नागपूर म्हणजे सकाळ-संध्याकाळचा. पेण तर केरात धरायचंच नाही. वडखळला गाड्या तुंबल्या नसतील तर दुपारची भांडी घासून पालथी घालेपर्यंत माणूस पेणला पोचतं.

हिशेब साधा आहे. घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते मुक्कामाला पोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही. तुम्ही म्हणाल, हे आमच्याकडेही पाळतात, त्यात काय मोठंसं! पाळता हो, पण कसं पाळता? माणूस कोपऱ्यावर वळलं की जरा वेळ इकडेतिकडे बघता, "आता लागलंच असेल मार्गाला" म्हणता आणि हळूच केरसुणी फिरवता. मालतीबाईंकडे असला ढिला कारभार नाही. गाडी स्टेशनात लागली, एसटीतून उतरलं, रिक्षात बसलं, यातलं काहीही त्यांच्या लेखी पोचणं नव्हे. "उतरणं म्हणजे पोचणं नव्हे" हे त्यांचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. उंबरा ओलांडला, पाय धुतले, घोटभर पाणी प्यालं आणि मग फोन केला, की पोचलं. तोवर केरसुणी दाराआड.

हे त्यांनी आणलं माहेराहून. माहेर पेणचं. लग्न होऊन त्या रोह्यात आल्या तेव्हा दोन्ही घरी फोन नव्हता. माहेरपण संपवून मालतीबाई रोह्याच्या एसटीत बसल्या, की त्यांची आई घर तसंच ठेवून दारापुढच्या ओटीवर बसायची. एसटीचा कंडक्टर जगन ओळखीचा. तो संध्याकाळी गाडी परत घेऊन पेणला आला, की डेपोतून घरी जाताना फाटकाबाहेरूनच ओरडायचा, "काकी, मालूताय पोचल्या हो! सोत्ता दारात सोडलं!" मग आई उठायची आणि दिवेलागणीच्या आत भराभर केर काढायची. एकदा नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं, गाड्या बंद पडल्या, मालतीबाई मधेच एका नातेवाइकांकडे अडकल्या. पेणच्या घरात तेव्हा पाय ठेवायला जागा उरली नव्हती म्हणतात. शेजारणींनी नाकं मुरडली. तरी आईने केरसुणीला हात लावला नाही.

का नाही काढायचा, असं लहानपणी मालतीबाईंनी विचारलं होतं. आई म्हणाली होती, "माणूस कायमचं गेलं की मागे लगेच केर काढतात गो. जे परत यायचंय त्याच्यामागे काढतात का कोणी?"

आई गेली. त्यानंतरच्या माहेरपणाला मालतीबाई भावाकडे चार दिवस राहिल्या आणि निघाल्या. भावजय चांगली आहे, उगाच तिला नावं ठेवायची नाहीत. पापड-मिरगुंडांची पिशवी भरून दिलीन, डोळ्यांत पाणीही आणलंन. पण मालतीबाई पायऱ्या उतरून फाटकाशी येतात न येतात तोच आतून केरसुणीचा सर्र सर्र आवाज आला. नोकरी करणारी बाई, तिला कामावर जायची घाई, तिची काही चूक नाही. हे सगळं मालतीबाईंना कळत होतं. तरी रोह्यापर्यंत एसटीच्या खिडकीशी त्या रडत आल्या. आपण पोचलो की नाही याच्यासाठी आता जगात कोणाची केरसुणी अडलेली नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या घरात हा नियम दुप्पट कडक केला.

त्यांचे यजमान नीलकंठ टिपणीस. सरांनी उभी हयात शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाले पण पृथ्वीचा गोल काही हातातून सुटला नाही; तो दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी आहे आणि टीव्हीपेक्षा जास्त फिरतो. सरांना हा केराचा प्रकार मुळीच पटत नसे. "अगं, केराचा आणि गाडीच्या चाकाचा काय संबंध?" असं ते दर वेळी विचारत. मालतीबाई दर वेळी म्हणत, "नसेना का!" यावर भूगोलात उत्तर नाही.

तर अशा घरातला एकुलता एक अनय. धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करून करून कंटाळला आणि त्याने थेट टोरांटोची नोकरी मिळवली. आनंदच आनंद! पेढे वाटून झाले आणि मग निघायची तारीख कळली. हरतालिकेची पहाट.

आता बघा, अख्खं कोकण गणपतीला घरी येतं. मुंबईहून माणसं टेम्पोला लोंबकळत येतात, खड्डे खात येतात, साहेबाला खोटंनाटं सांगून येतात. आणि हे चिरंजीव चतुर्थीच्या आदल्या दिवशी उलट्या दिशेला निघाले. तारीख कळली त्या दिवशी मालतीबाईंच्या हातून वालाच्या बिरड्यात मीठ दोनदा पडलं.

सरांनी मात्र गोल पुढे ओढला. गजऱ्याचा दोरा घेतला, एक टोक रोह्यावर धरलं, दुसरं टोरांटोवर ताणलं. "हे बघ, हा आकाशमार्ग. विमान असं वर वर जाणार, मधे जर्मनीत बदलायचं, तिथून पुन्हा असं खाली." मालतीबाईंनी दोरा पाहिला. वीतभर होता, फार काही वाटला नाही. "आणि पेण-रोहा?" त्यांनी विचारलं. सरांनी दोरा टेकवला, चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली आणला. पेण आणि रोहा दोन्ही दोऱ्याच्या जाडीखालीच झाकली गेली. "हे मोजता यायचं नाही," सर म्हणाले.

"माझी आई मोजायची," मालतीबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

अनय निघाला. आईच्या पाया पडताना म्हणाला, "आई, आता झाडूला सुट्टी, काय? बिचाऱ्याला दुसऱ्या कोणाकडे कामाला लाव तोपर्यंत." पोरगा लहानपणापासून या गोष्टीवरून आईची टिंगल करण्यात पटाईत. मालतीबाईंनी त्याच्या हातावर दही घातलं आणि "उतरलास की नव्हे, पोचलास की फोन कर," एवढंच म्हटलं.

घरात त्याच्या बांधाबांधीचा केर पडला होता. चिकटपट्टीचे तुकडे, सुतळी, बॅगेची फाटकी लेबलं, दहा वेळा बॅग भरता-उपसताना सांडलेला चिवडा. आणि संध्याकाळी घरात गणपती यायचा होता. मालतीबाई पेणच्या, त्यामुळे मूर्ती पेणजवळच्या हमरापुरातूनच आणायची हा दुसरा नियम. आळीतल्या सगळ्यांचे गणपती रवी त्याच्या टेम्पोतून आणून दारोदार पोचवी. अस्वच्छ घरात बाप्पाला कसं आणायचं? आणि पोरगा आकाशात असताना केर कसा काढायचा? हरतालिकेचा कडक उपास, पोटात पाणी नाही, त्यात हा पेच.

मग त्यांनी तिकिटाची प्रत काढली. निघायची वेळ पहाटे दोन. पोचायची वेळ दुपारी अडीच. मालतीबाईंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे बाप्पाच्या आधी अनय पोचतोय की! सरांना विचारायला हवं होतं, पण सरांना विचारलं की गोल येतो, मग बॅटरी येते, मग सूर्य कुठे आणि आपण कुठे हे सगळं येतं. उपाशीपोटी तेवढं कोण ऐकणार? शिवाय सर झोपले होते.

अडीच वाजले. तीन वाजले. फोन नाही. पारी दाराशी येऊन बसली होती. पारी म्हणजे नदीकाठच्या वाडीतली, मालतीबाईंकडे केर-भांड्यांना येऊन तिला बरीच वर्षं झालेली. तिची जीभ तिखट आणि हात चपळ.

"काकू, काय ता एकदा ठरवा. माझ्या घरी पन सन हाय."

"थांब गो जरा. फोन येऊ दे त्याचा."

"आमचा पोरगा सोमा इटभट्टीवर गेला तवा मी मयनोन्‌मयने झाडू मारलाच नसता, तर आज तुमच्याकडं कामाला आली नसती, केराखाली गावली असती."

चार वाजायला आले. टेम्पो पाचला यायचा. मालतीबाईंनी तिकिटाकडे पुन्हा पाहिलं. छापील वेळ होती. छापलेलं खोटं कसं असेल? पाय धुवायला विसरला असेल, फोनचं कार्ड मिळालं नसेल. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माणसाच्या फोनऐवजी कागदावर विश्वास ठेवला. "काढ गो," त्या म्हणाल्या.

पारीने पदर खोचला आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. स्वयंपाकघर झालं, माजघर झालं, सुपली शिगोशीग भरली. ती दिवाणखान्याच्या उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच फोन वाजला.

"आई, अगं जर्मनीतच आहे अजून. पुढचं विमान रद्द झालं. आत्ताच सांगितलं त्यांनी. आता उद्या."

"आत्ताच म्हणजे?" मालतीबाईंनी विचारलं.

"हे काय, पाच-दहा मिनिटं झाली. सगळं नीट होतं तोवर, माणसं रांगेत उभी होती. काळजी करू नको. हॉटेल देतायत."

पाच-दहा मिनिटं! म्हणजे नेमकं स्वयंपाकघर चालू होतं तेव्हा. मालतीबाई खाली बसल्या. विमान कुठल्या देशाचं, कंपनी कुठली, बिघाड कसला, कशाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आपण केर काढला आणि पोरगं वाटेत अडकलं, हे त्यांना ढळढळीत दिसत होतं.

"पारी, पसरव."

"काय पसरवू?"

"तो केर. जिथला होता तिथे पसरव."

पारी सुपली घेऊन उभीच राहिली. "काकू, उभा जल्म केर भरन्यात गेला. पसरवायला पयल्यांदाच कोनी सांगतंय." पण तिने मालतीबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे वळली.

सर झोपेतून उठून आले तेव्हा माजघरात त्यांची बायको आणि पारी, दोघीजणी सुपलीतून चिमूट चिमूट केर घेऊन फरशीवर टाकत होत्या. "चिवडा खिडकीशी होता गो," "सुतळी ह्या अंगाला," असं चाललं होतं. रांगोळीसुद्धा इतक्या काळजीने कोणी घालत नाही. मग त्यांना हकिगत कळली आणि तिकीटही दिसलं.

"अगं, ही वेळ तिथली आहे. तिथे दुपार म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र. तो आज अडीचला पोचणारच नव्हता. आणि विमान रद्द झालं ते..."

मालतीबाईंनी वर पाहिलं. डोळे भरलेले होते. चाळीस वर्षांच्या संसारात सरांना एवढं शहाणपण नक्कीच आलं होतं, की कुठलं वाक्य पुरं करायचं नसतं. ते म्हणाले, "दिवाणखाना राहिला होता ना काढायचा? मग झालं तर. अर्धाच केर निघाला, म्हणून एकच दिवस उशीर."

आणि गणपतीचं काय? तेही सरांनीच सोडवलं. ओटी घरात धरायची की घराबाहेर? त्यांनी भूगोलाच्या मास्तराच्या अधिकाराने निवाडा दिला, की हद्द उंबऱ्यापाशी संपते, ओटी बाहेर. मग पारीने ओटी स्वच्छ झाडली, पुसली. रवीचा टेम्पो आला. मालतीबाईंनी मूर्तीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मूर्ती आणणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि पुटपुटल्या, "बाप्पा, तेवढं सांभाळून घे. पोरगं वाटेत आहे." पारी निघाली तेव्हा सरांनी तिला फाटकाशी गाठून हळूच विचारलं, "माजघरात नीट टाकलास ना गो सगळा?"

दुसऱ्या दिवशी अनय विमानात आणि बाप्पाची प्राणप्रतिष्ठा ओटीवर. एकदा प्रतिष्ठा झाली की मूर्ती हलवता येत नाही, म्हणून गौरी जाईपर्यंत गणपती ओटीवरच राहिले. पावसाचे शिंतोडे येत, शेजारचा बोका मोदकांवर नजर ठेवून बसे. दर्शनाला येणारे विचारत, "सर, यंदा बाहेर कसे?" सर गंभीरपणे म्हणत, "उजेड चांगला आहे." अनय पोचल्याचा फोन आला आणि ऋषिपंचमीला सकाळी पारीने घर झाडलं. सुपली दोनदा भरली.

हा सगळा किस्सा कळल्यावर अनय फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला. "आई, त्या विमान कंपनीला कळवतो हां मी, की तुमची चूक नव्हती, आमच्या स्वयंपाकघरात झाडू फिरला होता." तिकडच्या मित्रांनाही सांगितलंन. तेही हसले. मालतीबाईही त्यांच्याबरोबर हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. आईकडून आपल्याकडे आलेली ही एवढीशी गोष्ट. ती आपल्याबरोबर संपणार आणि शेवटी तिचा विनोद उरणार.

पुढच्या वर्षी अनयचं लग्न झालं. मनस्वी तिथेच नोकरी करणारी, मूळची अलिबागकडची, हसरी आणि फटकळ. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी सर आणि मालतीबाईंना बोलावून घेतलं. सरांनी विमानात खिडकीची जागा मागून घेतली आणि ढगांखाली कुठला समुद्र आहे हे शेजारच्या प्रवाशाने न विचारताच त्याला सांगितलं. टोरांटोत सगळं छान. मालतीबाईंनी तिथे बिरडं केलं, आंबोळ्या केल्या, आणि चिवडा तर इतका केला की परतीच्या दिवशी डबे भरताना गालिचाभर सांडला.

निघताना दारात चपला घालता घालता त्यांची नजर त्या गालिच्यावर गेली. चिवडा, दोऱ्याचे तुकडे, बॅगांची लेबलं. कोपऱ्यात व्हॅक्यूम क्लीनर उभा. ओठांवर आलेलं त्यांनी गिळून टाकलं. पेणच्या फाटकाशी एकदा ऐकलं होतं तेवढं पुरे होतं. लिफ्टचं दार लागेपर्यंत त्या उगाचच मोठ्याने बोलत राहिल्या, आतला आवाज कानावर येऊ नये म्हणून.

परतीचा प्रवास लांबचा झाला. मुंबईत उतरले, रवी गाडी घेऊन आला होता, वडखळला नेहमीसारखे अडकले. रोह्यात घरी आल्यावर पाय धुतले, पाणी प्याले आणि दोघंही आडवी झाली ती थेट दिवेलागणीला उठली. "अगं, त्याला फोन राहिला!" सर म्हणाले. तिकडे तेव्हा सकाळ उजाडली होती.

"आई! पोचलात? घरी?" अनयचा आवाज वरच्या पट्टीतला.

"पोचलो रे. सकाळीच. डोळा लागला जरा."

"सकाळीच?" मग त्याने फोन तोंडापासून लांब धरून कोणाला तरी सांगितलं, "पोचले गं!"

मागून मनस्वीचा आवाज आला. "नक्की ना? घरात ना? मग लावू आता?" आणि लगेच घर्रर्र असा मोठा आवाज सुरू झाला.

"कसला रे आवाज?"

"काही नाही. मनस्वी व्हॅक्यूम लावतेय. पसारा पडलाय सगळा."

"तो तर आम्ही निघालो तेव्हाचा. अजून तसाच?"

अनय लगेच प्रवासाची चौकशी करायला लागला. मनस्वी मात्र कशाला गप्प बसते? आवाज बंद करून ती फोनपाशी आली. "आई, काल माझ्या ऑफिसातल्या बायका जेवायला आल्या होत्या. तुमच्या चिवड्यावरून करकर चालत गेल्या सगळ्या! मी म्हटलं, अरे, विमान मुंबईत उतरलेलं दिसतंय मोबाइलवर, आता तरी लावू दे. तर हा मशीनच्या वायरवर बसला. म्हणे उतरणं म्हणजे पोचणं नव्हे."

मालतीबाईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. सर दाराशी उभे राहून खुणेनं विचारत होते, काय झालं, का रडतेस? त्यांनी हातानेच त्यांना थांब म्हटलं.

"मनस्वी," त्या म्हणाल्या, "लाव हो बाई आता. पोचलो आम्ही."

घर्रर्र आवाज पुन्हा सुरू झाला. तो एका खोलीतून दुसरीत गेला, लांब गेला, जवळ आला. तो थांबेपर्यंत मालतीबाईंनी फोन कानापासून काढला नाही.